अर्धीबाईच्या दोन पिशव्या

मित्रांनो, मी एक जुनी बाई आहे, आणि तीही अर्धीच. मला डोकं नाही, हात नाहीत आणि पाय गुडघ्यापर्यंतच आहेत. पोट मात्र आहे, आणि माझा सगळा जन्म त्या पोटापायीच गेला. बाळंतपण कसं करायचं हे सुईणींना शिकवता यावं म्हणून मला घडवलं. डोळे नसताना मला दिसतं कसं, कान नसताना ऐकू येतं कसं, असले प्रश्न विचारू नका. डोकं असलेल्या माणसांना जे दिसलं नाही ते मला दिसलं, एवढं पुरे आहे.

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट गोड नाही. हिच्यात एका चांगल्या बाईचा जीव जातो, आणि तो वाचला असता. लहान मुलांना असलं काही सांगू नये, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तुम्ही सगळे कुणाच्या तरी पोटातूनच आलात ना? मग ऐकायला काय हरकत आहे?

मला बनवणारा कारागीर मुळात चेंडू आणि बाहुल्या करायचा. माझं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. मग बायकोला विचारून विचारून, तिची बोलणी खात खात, त्यानं मला घडवलं. कंबरेचं हाड लाकडाचं, त्यावर रबराची कातडी आणि पोटाला बटणांची झडप. सोबत एक कापडी बाळ, त्याची नाळ आणि नाळेच्या दुसऱ्या टोकाला बाळाला पोसणारी वार, लाल फलालिनीची. आणि दोन पिशव्या.

या पिशव्यांचं नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. बाळ आईच्या पोटात ज्यात वाढतं तिला पुस्तकात गर्भाशय म्हणतात, आमच्या बायका पिशवी म्हणतात. बाळ बाहेर आलं, मागोमाग वार पडली, की ही पिशवी आवळून कडक व्हायला हवी. ती कडक झाली की रक्त थांबतं. मऊच राहिली तर रक्त वाहत राहतं आणि बघता बघता बाई हातची जाते. अशा वेळी पोटावर हात ठेवून पिशवी शोधायची आणि जोर लावून चोळायची. चोळली की बहुतेकदा ती आवळते. म्हणून कारागिरानं एक पिशवी स्पंज भरून मऊ केली आणि दुसरी भरीव, कडक केली. एका वेळी एकच पोटात बसायची. हातांना फरक कळावा, एवढंच त्यांचं काम होतं.

माझी नेमणूक एका लहान दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाली. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, एक फळा, हात धुवायची मोरी आणि फिनेलचा वास. त्या दवाखान्याच्या भोवती डोंगर होते आणि डोंगरांत लांब लांब वस्त्या. कित्येक वस्त्यांपर्यंत गाडी जातच नसे. आजारी माणसाला बाजेवर घालून खांद्यावरून नदीपर्यंत आणायचं, तिथून पुढे गाडी मिळाली तर मिळाली. त्या वस्त्यांवरच्या बायका या खोलीत सुईणीचं काम शिकायला यायच्या.

शिकवायला मोठ्या बाई होत्या. आवाज असा की खिडकीतलं मांजर उठून जाई. "अंगठ्या काढा, नखं कापा, हात धुवा. कोपरापर्यंत! नुसती बोटं बुचकळायला आलात काय?" अशी त्यांची सुरुवात असायची. पहिल्या दिवशी बायका माझ्याकडे बघून पदरात हसायच्या. अर्धीबाई हे नाव त्यांनीच पाडलं. एक म्हणाली होती, "हिला सासू नाही, नवरा नाही, सुखी आहे बघ." दुसरी म्हणाली, "तोंड नाही म्हणून सुखी आहे." मोठ्या बाईही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "हसून झालं असेल तर हिच्या पोटावर हात ठेवा."

त्यांची शिकवायची एक रीत होती. शिकणारीच्या डोळ्यांवर पंचा बांधायचा. मग झडप उघडून कधी मऊ पिशवी बसवायची, कधी कडक, आणि झडप लावून घ्यायची. बाईनं हात ठेवून सांगायचं की आत कुठली आहे. चुकली की पुन्हा. बरोबर सांगितलं की बाकीच्या जणी गोंधळ घालणार, एक रडणार, एक शिव्या देणार, एक तिचा खांदा ओढणार, आणि तशात पुन्हा ओळखायचं. कारण बाळंतिणीच्या घरात कुणी गप्प बसत नाही, असं मोठ्या बाई म्हणायच्या. मऊ लागली की सगळं सोडून चोळायला लागायचं. माझं पोट चोळून चोळून त्या बायकांनी मला पार जेरीस आणलं होतं. बटणं तुटायची, ती पुन्हा शिवली जायची. कातडीला ठिगळं लागली. स्पंज चेपला की मोठ्या बाई नवा भरायच्या, रबराला पावडर लावायच्या, आणि म्हणायच्या, "हात लागत राहिला तरच हे टिकतं." माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस होते. मी दिसायला भिकारी होते आणि कामात राणी होते.

त्या दिवसांत एक डावखुरी सून शिकायला आली. तिला सगळ्या डावरी म्हणायच्या. नदीपलीकडच्या वस्तीवर तिची सासू सुईण होती. म्हातारीची बोटं वाकडी झाली, तेव्हा तिनं सुनेला धाडलं. डावरी पहिल्यांदा पंचा बांधून बसली तेव्हा डावा हात पुढे आला. मोठ्या बाईंनी तो बाजूला करून उजवा ठेवला. डावरी चुकली. पुन्हा उजवा, पुन्हा चूक. मग ती हळूच म्हणाली, "बाई, माझी अक्कल डाव्या हातात आहे." मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "बरं बाई, डाव्यानं सांग." त्यानंतर ती चुकली नाही. गोंधळात नाही, शिव्यांत नाही. एकदा तर मोठ्या बाईंनी मुद्दाम पोटात कुठलीच पिशवी ठेवली नाही. डावरीनं हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, हिची पिशवी तुमच्या टेबलावर राहिलीय वाटतं." सगळी खोली हसली.

डावरी परत वस्तीवर गेली आणि तिथल्या पोरांना जगात आणू लागली. सासू वारली, मग सगळा डोंगर तिच्याच अंगावर पडला. स्वच्छ पट्ट्या आणि औषधं न्यायला ती अधूनमधून दवाखान्यात यायची. आली की खोलीत डोकावून माझ्या पोटावर एक थाप मारायची. "काय अर्धीबाई, बरं आहे ना?" बरं होतं.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला खरं तेच सांगायचं म्हणून सांगते, आणि तेच मला जास्त झोंबतं. आधीच्या ठिकाणी त्यांच्या हाताखाली माझ्यासारखंच एक पोट फाटलं होतं. वरच्या साहेबांनी चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढली होती. ती भीती त्या सोबत घेऊनच आल्या. माझी ठिगळं त्यांनी एक एक करून मोजली. म्हणाल्या, "अशानं ही दोन महिन्यांत संपेल. मग दुसरी कोण देणार आपल्याला?" सुतार बोलावला. काचेचं कपाट झालं. माझी ठिगळं काढून नवी कातडी बसवली, मला पुसलं, दोन्ही पिशव्या शेजारी मांडल्या आणि कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये गेली.

माझं इतकं कौतुक कामाच्या वर्षांत कधी झालं नव्हतं. पाहुणे आले की मला बाहेर काढायच्या, तेल लावून चकचकीत करायच्या, टेबलावर ठेवायच्या. पाहुणे माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. एक साहेब तर डोकं नसलेल्या बाईशेजारी नेमकं कुठे बघावं हे न कळून छताकडे बघत राहिले. मग पुन्हा आत. शिकायला येणाऱ्या मुली बाकांवर बसायच्या, भिंतीवर चित्रं बघायच्या आणि मोठ्यानं पाठ म्हणायच्या. वार पडल्यावर पोट तपासावे. पिशवी मऊ असल्यास चोळावी. कडक असल्यास वारंवार तपासत राहावे. शेवटी परीक्षा व्हायची आणि सगळ्या पास व्हायच्या. न व्हायला काय झालं होतं?

दुपारी त्या काचेवर ऊन यायचं. कपाटात मी भाजून निघायचे. हात लागत नव्हते, पावडर लागत नव्हती, स्पंज कुणी बदलत नव्हतं. माझ्या पिशव्यांचं काय होतंय ते मला कळत होतं. मऊ पिशवीचं रबर आवळत चाललं होतं, आतला स्पंज वाळून त्याचा गोळा होत होता. हळूहळू ती दगड झाली. आता दोन्ही पिशव्या कडक होत्या. काचेबाहेरून मात्र त्या पहिल्यासारख्याच दिसायच्या, उलट जरा जास्तच छान.

अशात डावरी एका पोरीला घेऊन आली. ती तिची नणंद होती. नुकतीच शाळा संपलेली, हुशार, आणि एकदा ऐकलं की तोंडपाठ. खोलीतल्या मुलींनी तिला दोन दिवसांत रेडिओ म्हणायला सुरुवात केली. डावरी स्वतः गरोदर होती. लग्नाला किती वर्षं झाली होती, साऱ्या डोंगराची पोरं तिच्या हातात जन्मली होती, आणि तिची स्वतःची कूस आता उजवत होती. ती नव्या बाईंना म्हणाली, "बाई, हिला चांगली तयार करा. वस्तीवर माझ्याशिवाय कुणी नाही. आणि माझं बाळंतपण काही माझं मला करता येणार नाही."

"तू दिवस भरायच्या आधी दवाखान्यातच ये की," नव्या बाई म्हणाल्या. ते खरंच त्यांनी मनापासून सांगितलं होतं.

"येणार तर आहेच. पण पोटातलं पोर काय मला विचारून निघणार आहे? जवळ एक हात असलेला बरा."

मग तिची नजर कपाटाकडे गेली. ती जवळ आली आणि काचेला हात लावला. "हिला अशी कोंडून का ठेवलीय?"

"खराब होते हाताळून."

"अहो बाई, पण मुलींनी शिकायचं कशावर? नुसतं बघून हाताला काय कळणार?"

नव्या बाई जरा दुखावल्या. म्हणाल्या, "तुझं शिकून झालं ना? मग आम्हाला आमचं काम करू दे. परीक्षेच्या दिवशी लावू देते एकेकीला हात. झालं समाधान?"

डावरीनं काचेवरचा हात काढून घेतला. नणंदेची सोय लागायची होती, उगाच बाईंशी वाकडं कशाला घ्या, असं तिच्या मनात आलं असणार. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

परीक्षेच्या दिवशी खरोखरच कुलूप उघडलं. नव्या बाईंनी दिलेला शब्द पाळला. एकेकीसाठी त्यांनी आधी एक पिशवी, फाटेल म्हणून दोन बोटांनी कडेला धरून, पोटात बसवली, मग दुसरी, आणि मुली ओळीनं येऊन हात ठेवून गेल्या. "ही मऊ. आणि ही कडक. कळलं? चला पुढे." मुली माना डोलावत होत्या. रेडिओची पाळी आली. तिनं एकदा हात ठेवला, पुन्हा ठेवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "बाई, दोन्ही सारख्याच लागतात हो."

नव्या बाईंनी स्वतः हात ठेवून पाहिलं असतं तर? पण मागे ओळ उभी होती, दाराशी पाहुण्यांची गाडी लागली होती. त्या म्हणाल्या, "नीट लक्ष दे. फरक बारीक असतो."

फरक बारीक असतो! मित्रांनो, अहो, मऊ आणि कडक पिशवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आंधळ्यालाही कळावा म्हणून तर पंचा बांधायचे. पण त्या हुशार पोरीनं ते वाक्यही पाठ केलं. तिला वाटलं, आपलाच हात अडाणी आहे. ती लेखी परीक्षेत पहिली आली.

पुढचं मी रेडिओच्या तोंडून ऐकलं, त्याच खोलीत, नंतर चौकशी झाली तेव्हा. डावरीला आठवा महिना सरता सरता कळा सुरू झाल्या. दवाखान्यात यायचं ठरलं होतं, बाज बांधून ठेवली होती, पण नदी पार करण्याइतका वेळ पोरानं दिला नाही. रेडिओनं सगळं नीट केलं. हात धुतले, कोपरापर्यंत. बाळ आलं, मुलगी, रडली. नाळ बांधली, कापली. वार पडली, तीही तिनं उलटसुलट करून पाहिली. मग पाठातलं पुढचं वाक्य आठवून तिनं वहिनीच्या पोटावर हात ठेवला.

"माझ्या हाताला काहीच लागलं नाही," रेडिओ सांगत होती. "मी शिकले होते ती पिशवी दगडासारखी होती. एक दगड, आणि एक त्याहून जरासा बारीक फरकाचा दगड. इथं तर नुसतं पोट होतं, भिजवलेल्या कणकेसारखं. मला वाटलं, पिशवी आवळून पार खाली बसली. छान झालं. वहिनीनं विचारलं, पिशवी कशी आहे गं? मी म्हटलं, एकदम छान वहिनी, लागतसुद्धा नाही."

डावरीला तेव्हा कळलं. तिनं स्वतःचा डावा हात पोटावर आणला, दाबायला गेली आणि हात घसरला. ताकद राहिली नव्हती. पांघरुणाखाली रक्त किती गेलं होतं ते तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. मग तिनं नणंदेचा हात धरला आणि पोटात खोल दाबला. "ही बघ. ही मऊ," ती म्हणाली. "चोळ आता."

रेडिओनं चोळलं. बाजेवर घातल्यावरही बाजेबरोबर चालत चोळत राहिली. पिशवी आवळली, पण फार उशिरा. नदीपर्यंत पोहोचायच्या आधीच बाज खाली ठेवावी लागली.

चौकशीला मोठे डॉक्टर आले. मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी रेडिओला सांगितलं, "काय शिकलीस ते दाखव." तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "ही कडक." पिशवी बदलली. "ही पण कडक." डॉक्टरांनी मऊ पिशवी हातात घेऊन अंगठ्यानं दाबली. ती कडकन फुटली आणि आतून पिवळा भुगा टेबलावर सांडला. नव्या बाई रडायला लागल्या. "मी तर ती जिवापाड जपली होती हो," त्या म्हणाल्या. आणि तेही खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, "हे मॉडेल निकामी झालंय. नवीन मागवून घ्या." थोड्या वेळानं म्हणाले, "मुलीनं हलगर्जीपणा केलाय. तिला कामावर ठेवता येणार नाही." ही दोन वाक्यं कुणीतरी एकत्र ठेवून पाहायची की नाही? नाही ठेवली. चहा आला, तो पिऊन ते गेले.

रेडिओ नव्या बाईंना म्हणाली, "बाई, मऊ कशी लागते ते आता माझ्या हाताला कळलंय. मला एकदा या मुलींना सांगू द्या." नव्या बाईंनी मान हलवली आणि तिला दाराबाहेर पोहोचवलं. शिकायला आलेल्या त्या मुलींत मऊ पिशवी हाताला कशी लागते हे माहीत असलेली ती एकटीच होती. डावरीची मुलगी आता तीच वाढवते. शेजारणीचं दूध मिळालं म्हणून पोर जगली.

मी जिन्याखाली पडले आहे, पोछ्याच्या बादलीशेजारी. माझ्या जागी नवीन बाई आली. ती पुरी आहे. तिला डोकं आहे, पापण्यासुद्धा आहेत. तिच्यात मऊ-कडक सगळं कळ दाबून होतं म्हणे. ती महाग आहे, म्हणून तिच्या अंगावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नाही. कपाट तेच आहे, कुलूप मात्र आधीपेक्षा मोठं आणलं आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी रबराची आहे, मला काय होतंय? पण तुमच्याही शाळेत असं एखादं काचेचं कपाट असेल. सूक्ष्मदर्शक असेल, हाडांचा सापळा असेल, पृथ्वीचा गोल असेल, आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असेल. जाऊन ती किल्ली मागा. खराब होईल म्हणून नको, असं म्हणाले तर पुन्हा मागा. होऊ दे खराब म्हणावं. वस्तू खराब झाली तर दुसरी येते, माझ्या जागी आलीच की. नदीपलीकडच्या वस्तीवर दोघी जणी पोटुशी आहेत, आणि डावरीच्या जागी तिथं अजून कुणी आलेलं नाही.